प्रतिनायक ह्वांग जांग-ली

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या घरीं लहानमोठ्या दहाबारा मुलांचा मेळावा जमला होता. फराळ झाला, अंगणांतला किल्ला बांधून झाला, आणि दुपारच्या वेळीं ही सारी सेना दिवाणखान्यांत दूरचित्रवाणीपुढें बसून हाँगकाँगचा एक जुना चित्रपट पाहूं लागली. आम्ही झोपाळ्यावर पोथी घेऊन बसलों होतों. परंतु पोथींतील अक्षरांपेक्षां पडद्यावरील हुंकारच कानांत अधिक शिरूं लागले, तेव्हां चार कडक शब्द सुनावून तें यंत्र बंद करावें, या हेतूनें आम्ही उठलों. उठलों खरे, पण यंत्र कांहीं बंद केलें नाहीं. पडद्यावर काळ्या मिशांचा व ताठ मानेचा एक पुरुष एका पायावर निश्चल उभा होता, आणि दुसऱ्या पायानें प्रतिपक्ष्याच्या मस्तकावर, छातीवर व गुडघ्यावर असे कांहीं प्रहार करीत होता, कीं पाय उचलला केव्हां आणि परत घेतला केव्हां, हें डोळ्यांना कळूंच नये. आम्ही पोथी मिटून उभ्याउभ्याच शेवटपर्यंत तो सामना पाहिला. अखेरीस अर्थातच तो पुरुष हरला आणि नायक जिंकला.

त्या वेळीं आमच्या आठ वर्षांच्या नातवानें विचारलें, "आजोबा, हा एवढा चांगला लढतो, मग दर वेळीं हरतो कां?"

"दुष्ट आहे म्हणून हरतो," आम्हीं मास्तरी थाटांत उत्तर दिलें.

"तो गोष्टींत दुष्ट आहे. पण लाथा तर ह्याच्याच चांगल्या आहेत ना?"

या प्रश्नाला आमच्यापाशीं तत्काळ उत्तर नव्हतें, आणि ज्या प्रश्नाला उत्तर नसतें त्याचा पाठपुरावा करण्याची आम्हांस जुनी खोड आहे. आमचा एक पुतण्या महाविद्यालयांत शिकतो, त्याच्या साह्यानें आम्हीं त्या नटाची माहिती मिळविली व त्याचे आणखी चारपांच चित्रपटहि पाहिले. वाचकांपैकीं पुष्कळांना हा विषय आमच्या वयास व व्यवसायास न शोभणारा वाटेल. परंतु त्यांनीं थोडा धीर धरावा, एवढी विनंति आहे.

या नटाचें नांव ह्वांग जांग-ली. इ. स. १९४४ च्या डिसेंबर महिन्याच्या २१ तारखेस त्याचा जन्म झाला, तो स्वदेशांत नव्हे, तर जपानमध्यें. त्याचे आईबाप कोरियन. कोरिया देश १९१० सालीं जपाननें आपल्या साम्राज्यास जोडला होता, व पुढें पस्तीस वर्षें तो त्या जोखडाखालीं होता. अखेरच्या काळांत तर शाळांतून कोरियन भाषेचें शिक्षण बंद पडलें, आणि लोकांनीं आपलीं वंशपरंपरागत आडनांवें टाकून जपानी नांवें घ्यावीं म्हणून त्यांच्यावर दडपण आणलें गेलें. पोटासाठीं किंवा सक्तीच्या मजुरीसाठीं लक्षावधि कोरियन लोक जपानांत जाऊन राहिले होते. १९४५ सालीं जपानचा पाडाव झाला, कोरिया मुक्त झाला, आणि ह्वांगचें कुटुंबहि त्याच्या बालपणींच मायभूमीस परतलें. परंतु ही मायभूमि अखंड राहिली नव्हती. अडतिसाव्या अक्षांशावर तिचे दोन तुकडे झाले होते, आणि १९५० च्या जूनपासून १९५३ च्या जुलैपर्यंत त्या दोन तुकड्यांत घनघोर युद्ध झालें. ज्या वयांत आमचीं मुलें पाटीवर मुळाक्षरें गिरवितात, त्या वयांत या मुलाभोंवतीं घरेंदारें जळत होतीं. पांचव्या वर्षापासून आठव्या वर्षापर्यंतचा त्याचा काळ असा गेला.

वयाच्या चौदाव्या वर्षीं तो युद्धविद्या शिकूं लागला. ज्या विद्येला पुढें 'तैक्वांदो' या नांवानें जगभर ख्याति मिळाली, तिच्या घडणीचाच तो काळ होता. जपानी राज्याच्या दिवसांत तेथें गेलेल्या कोरियन तरुणांनीं कराटे आत्मसात केलें होतें. देशांत परतल्यावर त्यांनीं निरनिराळे आखाडे काढले, आणि पायांच्या प्रहारांवर विशेष भर देऊन त्या विद्येस आपलें वळण दिलें. १९५५ सालीं तिला हें नवें नांव सुचविण्यांत आलें. 'तै' म्हणजे पायाचा प्रहार, 'क्वन' म्हणजे मूठ आणि 'दो' म्हणजे मार्ग, असा त्या समासाचा विग्रह आहे. १९८८ च्या सोलच्या ऑलिंपिक सामन्यांत ही विद्या प्रथम प्रदर्शनार्थ दाखविली गेली, आणि २००० सालीं सिडनी येथें तिला पदकाचा मान मिळाला.

या विद्येंतील लाथ म्हणजे रागानें झाडलेली लाथ नव्हे, हें आम्हांस प्रथमच कळलें. प्रथम गुडघा छातीपर्यंत उचलावयाचा. येथवर पाय आला, कीं तो समोर जाणार, आडवा जाणार, कीं उलटा फिरणार, याचा प्रतिपक्ष्याला पत्ता लागत नाहीं. मग जमिनीवरचा पाय टांचेवर न ठेवतां चवड्यावर वळवावयाचा, म्हणजे त्याबरोबर कंबर वळते. प्रहाराचें खरें बळ पायांत नसून या कंबरेच्या वळणांत असतें. आणि सर्वांत कठीण गोष्ट ही, कीं पाय जितक्या वेगानें गेला त्याहून अधिक वेगानें तो परत आला पाहिजे. नाहीं तर प्रतिपक्षी तो धरून ठेवतो. ह्वांगची कीर्ति अशी, कीं तो एकदां हवेंत उडाला म्हणजे जमिनीला पाय टेकण्यापूर्वीं एकामागून एक तीन तीन लाथा मारीत असे. आम्हीं तें चित्र मंद गतीनें लावून पाहिलें. त्यांत दोरीची किंवा छायाचित्रकाराची कांहीं लबाडी आम्हांस दिसली नाहीं.

तरुणपणीं, १९६५ च्या सुमारास, त्यानें सैनिकांचा शिक्षक म्हणून काम केलें. दक्षिण कोरियानें १९६४ पासून १९७३ पर्यंत व्हिएतनामच्या युद्धांत एकंदर तीन लाखांहून अधिक सैनिक पाठविले, आणि त्यांच्या शिक्षणांत या विद्येला महत्त्वाचें स्थान होतें. म्हणजे हा मनुष्य मूळचा नट नव्हेच. तो आमच्यासारखाच शिक्षक. शिक्षक असल्याची खूण त्याच्या उभें राहण्यांतहि आम्हांस दिसली. लढाई सुरू होण्यापूर्वीं तो स्वस्थ उभा राहून समोरच्याकडे अशा दृष्टीनें पाहतो, कीं जणूं याचा पाठ कच्चा आहे हें त्याला आधींच ठाऊक आहे.

चित्रपटांत त्याचें खरें नांव झालें तें १९७६ सालीं. हाँगकाँगचा एक निर्माता व दिग्दर्शक, नांव ङ् सी-युआन, हा नव्या माणसांच्या शोधांत होता. १९७३ सालीं ब्रूस ली हा विख्यात नट अवघ्या बत्तिसाव्या वर्षीं वारला, आणि त्याची जागा भरून काढण्यासाठीं सारा धंदा चांचपडत होता. या निर्मात्यानें 'सीक्रेट रायव्हल्स' नांवाचा चित्रपट कोरियांत घेतला, व त्यांत रुपेरी केसांच्या 'सिल्व्हर फॉक्स' या दुष्टाची भूमिका ह्वांगला दिली. चित्रपट चांगला चालला, आणि 'रुपेरी कोल्हा' हें नांव त्या नटाला जन्मभर चिकटलें.

त्यानंतर १९७८ सालीं दोन चित्रपट आले, ज्यांच्यामुळें हाँगकाँगच्या चित्रपटांची दिशाच बदलली: 'स्नेक इन द ईगल्स शॅडो' आणि 'ड्रंकन मास्टर'. दोहोंचा दिग्दर्शक युएन वू-पिंग, आणि यांपैकीं पहिला चित्रपट म्हणजे दिग्दर्शक या नात्यानें त्याचें पहिलेंच काम. दोहोंचा नायक जॅकी चॅन हा चोवीस वर्षांचा तरुण. त्यानें लहानपणीं दहा वर्षें पेकिंगच्या नाट्यपद्धतीच्या एका कडक शाळेंत अंगमेहनत केली होती; परंतु नायक म्हणून त्याचे पूर्वींचे चित्रपट पडले होते, आणि त्याचा मूळचा मालक त्याला दुसऱ्याकडे उसना देण्यास राजी झाला, तो त्यामुळेंच. या दोन चित्रपटांनीं तो उसना नट एकदम शिखरावर जाऊन बसला. आणि दोन्हींत त्याच्यासमोर उभा होता ह्वांग. एकांत तो गरुडपंजाच्या विद्येचा निर्दय आचार्य होता. दुसऱ्यांत पैसे घेऊन खून करणारा, विजेसारख्या पायांचा मारेकरी.

दुसऱ्या चित्रपटांतील एक प्रसंग शिक्षकाच्या दृष्टीनें फार मार्मिक आहे. वृद्ध गुरु शिष्याला मद्यप्याच्या झोकांड्यांचें सोंग आणून लढण्याचे आठ प्रकार शिकवितो. सात प्रकार शिष्य मनापासून शिकतो. आठवा एका देवतारूप स्त्रीचा, म्हणून तो बायकी समजून टाळतो. अंतीं या मारेकऱ्याशीं गांठ पडते, सातहि प्रकार अपुरे पडतात, आणि टाळलेला तोच आठवा पाठ नेमका हवा असतो! आमच्या वर्गांतील मुलांनीं जो धडा 'परीक्षेला येणार नाहीं' म्हणून सोडला, तोच पुढें आयुष्यांत त्यांच्यापुढें उभा राहिल्याचीं उदाहरणें आम्ही पुष्कळ सांगूं शकूं. येथें परीक्षा घेणारा ह्वांग आहे. तो सोपा परीक्षक असता, तर त्या आठव्या पाठाची किंमत कोणालाच कळली नसती.

आमच्या साहित्यशास्त्रकारांनीं ही गोष्ट फार पूर्वींच ओळखली आहे. 'दशरूपका'च्या कर्त्यानें प्रतिनायकाचीं लक्षणें स्वतंत्रपणें सांगितलीं असून त्याला धीरोद्धत म्हटलें आहे. म्हणजे लोभी व पापी असला, तरी तो धीर असलाच पाहिजे. भ्याड प्रतिनायक शास्त्राला संमत नाहीं. दंडीनें तर 'काव्यादर्शा'त याहून पुढें जाऊन म्हटलें आहे, कीं शत्रूचाहि वंश, पराक्रम व विद्या यांचें वर्णन करून मग त्याच्यावर मिळविलेला जय दाखविला, म्हणजे नायकाचा उत्कर्ष अधिक आनंद देतो. आम्हीं हा श्लोक वर्गांत कितीतरी वेळां शिकविला. पण त्याचें मर्म आम्हांस कोरियाच्या एका नटानें समजावून दिलें, हें कबूल करण्यांत आम्हांस कमीपणा वाटत नाहीं.

आतां या नटाच्या दैवाची दुसरी बाजू सांगतों. त्या काळीं हाँगकाँगचे चित्रपट मूक घेत, व संवाद मागाहून निराळ्या लोकांकडून बोलवून त्यांवर चढवीत. चिनी प्रेक्षकांसाठीं एक आवाज, इंग्रजी प्रेक्षकांसाठीं दुसरा. त्यामुळें ज्या चित्रपटांनीं ह्वांगला जगभर ओळख दिली, त्यांत त्याचा स्वतःचा आवाज नाहीं. नांवाचीहि तीच गत. तींच तीन चिनी अक्षरें कोरियन मनुष्य 'ह्वांग जंग-नी' अशीं वाचतो, उत्तरेकडचा चिनी 'ह्वांग चंग-ली' म्हणतो, आणि हाँगकाँगांत त्याच आडनांवाचें 'वाँग' होतें. जन्म परक्या देशांत, कीर्तीहि परक्या देशांत, वाणी परक्याची, नांव ज्याच्या त्याच्या जिभेवर वेगळें. या सर्वांत त्याचें स्वतःचें असें काय राहिलें? तर दोन पाय. त्यांचें भाषांतर कोणाला करतां येत नव्हतें, आणि करण्याची आवश्यकताहि नव्हती.

नायक होण्याची इच्छा त्याला नव्हती असें नाहीं. १९८१ सालीं त्यानें 'हिटमॅन इन द हँड ऑफ बुद्ध' हा चित्रपट स्वतः दिग्दर्शित केला व त्यांत नायकाची भूमिका घेतली. लाथांच्या विद्येवर एक शिक्षणपर चित्रपटहि त्यानें केला. परंतु लोकांच्या मनांत तो प्रतिनायकच राहिला. १९८६ च्या 'मिल्यनेअर्स एक्स्प्रेस'मध्यें, १९८७ च्या 'मॅग्निफिसंट वॉरिअर्स'मध्यें तो पुनः प्रतिपक्षांतच उभा दिसतो. पुढें तो कोरियास परतला.

त्याच्या समोर जे उभे राहिले, त्यांचें काय झालें पाहा. जॅकी चॅन जगांतील अत्यंत लोकप्रिय नटांपैकीं एक ठरला, आणि २०१६ सालीं त्याला अमेरिकेंत सन्माननीय ऑस्कर पारितोषिक अर्पण करण्यांत आलें. युएन वू-पिंग यानें १९९९ च्या 'मेट्रिक्स' या अमेरिकन चित्रपटांतील द्वंद्वें बसविलीं. 'मॅग्निफिसंट वॉरिअर्स'ची नायिका मिशेल यो हिला २०२३ सालीं सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचें ऑस्कर मिळालें. ह्वांगचें नांव मात्र या विद्येच्या शौकिनांबाहेर फारसें कोणी घेत नाहीं. पायऱ्या चढून गेलेल्या माणसाला पायरीची आठवण राहतेच असें नाहीं. आणि पायरीनेंहि ती अपेक्षा धरूं नये, हें बरें.

येथवर लिहून आम्ही थांबणार होतों. परंतु एक गोष्ट राहिली, आणि तीच सांगण्यास आम्हांस संकोच वाटत होता.

पडद्यावरील लढाईचें खरें कौशल्य मारण्यांत नसतें, न मारण्यांत असतें. पाय संपूर्ण वेगानें गेला पाहिजे, पाहणाराच्या काळजाचा ठोका चुकला पाहिजे, आणि तरीहि समोरच्याच्या कातडीशीं तो थांबला पाहिजे. ह्वांगनें हें हजारों वेळां साधलें. परंतु 'स्नेक इन द ईगल्स शॅडो'च्या शेवटच्या सामन्यांत त्याचा एक पाय बोटभर पुढें गेला, आणि जॅकी चॅनचा दांत पडला. तसाच तो दांत पडलेला तरुण पुढें लढत राहिला, आणि चित्रपटांत ती फट आजहि दिसते.

आम्हीं अडतीस वर्षें संस्कृत शिकविलें. आमचा धाक सर्व शाळेंत प्रसिद्ध होता. मागें एका लग्नांत आमचा एक जुना विद्यार्थी भेटला; मोठा अधिकारी झाला आहे. त्यानें वांकून नमस्कार केला आणि हंसत म्हणाला, "गुरुजी, त्या वेळीं तुम्ही आम्हांला शत्रूसारखे वाटत होतां. पण तुमच्या धाकानेंच रूपें पाठ झालीं, तीं अजून विसरलों नाहीं." आमची छाती भरून आली. परंतु त्याच मांडवांत त्यानें आपल्या एका वर्गमित्राची आठवण काढली. तो मुलगा मन लावून शिकणारा होता. संधि सोडवितांना एकदां त्याची चूक झाली, आणि आम्ही भर वर्गांत त्याला जें बोललों, तें त्याच्या इतकें जिव्हारीं लागलें, कीं पुढच्या वर्षीं त्यानें संस्कृत सोडलें तें कायमचें. आम्हांला तो प्रसंग आठवतहि नव्हता. ज्याचा पाय लागतो त्याला आठवत नाहीं. ज्याचा दांत पडतो त्याला आठवतें.

विद्यार्थ्यापुढें कठीण प्रतिपक्षी म्हणून उभें राहणें हें शिक्षकाचें कर्तव्य आहे, असें आमचें मत होतें व अजूनहि आहे. सोप्या प्रतिपक्ष्यानें कोणी मोठा होत नाहीं. ज्या घरांत चार वडील माणसें आहेत, तेथें एकानें तरी कडक राहावें लागतें, हेंहि वाचकांपैकीं कुटुंबवत्सल गृहस्थांना ठाऊक असेल. मुलांच्या कथांत तो काका किंवा ते आजोबा नेहमीं खलपुरुषच असतात. त्याचा खेद करण्याचें कारण नाहीं. परंतु पाय कातडीशीं थांबविण्याची विद्या ज्याला येत नसेल, त्यानें ही भूमिका घेऊं नये. आम्हीं ती पुरती शिकण्यापूर्वींच घेतली होती, असें आतां वाटतें.

नातवाला आम्हीं उत्तर दिलें तें असें: "अरे, तो हरतो, कारण तें त्याचें काम आहे. तो चांगला लढला नसता, तर जिंकणाराला जिंकतां आलें असतें, पण मोठें होतां आलें नसतें."

त्यानें थोडा विचार केला, आणि हें कितपत पटलें तें न सांगतां दिवाणखान्यांतला लोड ओढून आणला. "आजोबा, मग तुम्ही हा धरा. मी लाथ मारतों. तुम्ही पडायचें."

घरांतील सर्व मंडळी दारांत गोळा झाली. "या वयांत हें काय मांडलें आहे!" असें माजघरांतून ऐकूं आलें. आम्हीं धोतराचा सोगा खोंवला आणि लोड छातीशीं धरून उभे राहिलों. पहिल्या दोन लाथांना आम्ही हललों नाहीं. "गुडघा आधीं वर घे," आम्हीं सांगितलें. तिसरी लाथ बरी बसली, तेव्हां गादी कोठें आहे हें पाहून आम्ही यथाविधि पडलों.